पावलेला बेल्ट

बेल्टाचा हूक माझ्या तोंडावर बसला. लोखंडी, मुठीएवढा. पुढचा दात तुटून जिभेवर आला.

"पूजेतल्या वस्तूवर कोयता चालवतीस? तू हायीस कोण?" मालक ओरडत होता. भोवती सगळे कामगार उभे होते, हातात प्रसादाचे पेढे. कुणी पुढं आलं नाही. एकानं तर माझ्याकडं बघत बघत पेढा तोंडात टाकला. ते तोंड मी अजून विसरलेली नाही.

खंडेनवमी होती. लातुरात तेव्हा कोचिंगच्या इमारती कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला यायची. त्यांच्यासाठी हॉस्टेलं, आणि हॉस्टेलांवर पास झालेल्या पोरांचे मोठाले फलक. ते लावायला, भिंती रंगवायला माणसं कमरेला बेल्ट बांधून उंचावर लटकायची. आमच्या मालकाकडं त्या कामाचा ठेका होता, आणि गोदामातल्या बेल्टांची देखभाल माझ्याकडं.

माणूस खाली उतरला की बेल्ट माझ्या हातात. पट्टी बोटांत दुमडून बघायची, धागे तुटलेत का. शिवण बघायची. हुकाची जीभ आपोआप मिटते का बघायचं. साबणाच्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवायचं. रंग, चुना, परक्या माणसांचा घाम, सगळं माझ्या नखांत. वर्षभर माझे हात चालायचे. पूजेच्या दिवशी मात्र मालक म्हणाला, "उंबऱ्याच्या भाईर थांब. तुमच्यातल्या बाईचा हात आज नको."

तुमच्यातल्या. जातीचं नाव न घेता जात तोंडावर मारायची, यात ही माणसं तरबेज. मी बाहेर थांबले.

आत चौरंगावर मधोमध गफूरभाईचा बेल्ट ठेवला होता. गफूरभाई औशाचा रंगारी. महिन्यापूर्वी सातव्या मजल्यावर त्याचा पाय सुटला आणि बेल्टानं त्याला धरलं. एकदा असा झटका खाल्लेला बेल्ट पुन्हा वापरायचा नसतो, वरून धड दिसला तरी. याच्या तर आतल्या शिवणीचे टाके उसवले होते. मी तो काढून टाकला. मालकानं परत खुंटीला टांगला. वर आमच्याच लोकांनी त्याला नाव ठेवलं, पावलेला बेल्ट. वर चढायचं म्हटलं की प्रत्येकाला तोच पाहिजे. कपाळाला लावायचे, त्याच्यासाठी भांडायचे. मी घसा फोडून सांगायची. कोण ऐकतो? मालकाला तर आयतंच फावलं, नव्या बेल्टाचा खर्च वाचला.

माझा जीव का जळत होता तेही सांगते. भूकंपाच्या आधी आमच्या गावाला बारीक हादरे बसायचे. आमच्या घराच्या दगडी भिंतीला भेग गेली, पण भिंत उभी राहिली. गावातली मोठी माणसं म्हणाली, टिकली ती पक्की. आईनं भेगेत चिखल भरला, त्यावर हळदीकुंकवाची बोटं उठवली. मग मोठा भूकंप आला आणि तीच भिंत आईवर पडली. मला ओढून काढलं तेव्हा तिचा हात तेवढा दगडाबाहेर होता. तेव्हापासून, एकदा टिकलं म्हणून हात जोडणाऱ्यांची मला चीड आहे. मालकाची आहे, तशी आपल्या माणसांचीही आहे.

पूजा झाली. बेल्टाला हळद, कुंकू, तेल, झेंडूचा हार. मालकानं हार काढून बेल्ट गफूरभाईपुढं धरला. "घे, तुझाच हाय. मुहूर्तावर फलक लावून ये." नव्या हॉस्टेलचा नववा मजला. पाय सुटल्यापासून गफूरभाई उंचावरचं काम टाळायचा. तरी त्यानं बेल्ट घेतला.

"नका घालू, गफूरभाई," मी बाहेरून ओरडले.

"कुछ नै होता, आपा. पावलाय त्यो."

मी आत शिरले. त्याच्या हातातून बेल्ट हिसकला, चौरंगावर टाकला आणि पूजेत मांडलेला कोयता घातला. अर्धी पट्टी कापली गेली. तेवढ्यात मालकानं बेल्ट ओढून घेतला, आणि तो हूक माझ्या तोंडावर आला.

मग त्यानं दाभण माझ्या पायाशी फेकलं. "शीव. आत्ताच्या आत्ता. नाक घासून माफी माग आन् शीव."

मुकादम कानाशी आला. "शीव की बाई. कशाला वाढवतीस?"

मी थुंकले. रक्त, दात, सगळं त्यांच्या पूजेवर थुंकले.

"न्हाई शिवणार."

दुसरा फटका पाठीत बसला. तिसऱ्याला मी बेल्ट हवेतच धरला आणि सगळ्या ताकदीनं ओढला. मालक चौरंगावर आदळला. समई लवंडली, त्याचं कपाळ फुटलं, तेल डोळ्यांत गेलं. मी बेल्टावर पाय दिला, कोयता उचलला आणि उरलेली पट्टी कापली. एकदा नाही. तुकडे होईपर्यंत. कोयता फरशीवर आपटत होता आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर मालकाच्या पुतण्यांनी मला लाथांनी तुडवलं आणि केसाला धरून रस्त्यावर टाकलं. पोलिसांनी मालकाची तक्रार घेतली, माझी घेतली नाही. गफूरभाई त्या दिवशी वर चढला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा बेल्ट बांधून गेला. माझ्याशी बोलणं त्यानं सोडलं. त्याचा शकुन मी मोडला म्हणे. न बोलू दे. जिवंत आहे.

आता नांदेडला दुसऱ्या ठेकेदाराकडं हेच काम करते. पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, झटका खाल्लेला बेल्ट मी विचारून कापणार नाही. आधी कापीन, मग सांगीन. आणि माझ्या अंगावर हात टाकलात, तर तिसऱ्या फटक्याची वाट बघणार नाही.