खाणीच्या काठावरून मारलेली हाक

ह्यांची रेल्वेतली बदली जयपूरला झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई अचानक यायची थांबली. फोन केला तर म्हणाली, "दीदी, नवऱ्याला आता उठवत नाही." रविवारी आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतले कारखाने मागे पडले, तसे अर्धे कापलेले डोंगर दिसायला लागले. रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा धुळीने पांढऱ्या पडल्या होत्या.

तिचा नवरा दारातल्या खाटेवर बसून होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून झोपायचाही बसूनच. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, पण मला आधी तो तिचा सासराच वाटला. मिसरूड फुटल्यापासून दगडाच्या खाणीत ड्रिल मशीन चालवलेलं. ती सगळी धूळ छातीत बसली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

चहा झाल्यावर तो ह्यांना म्हणाला, "भाईसाब, मला खाणीपर्यंत न्याल?"

बायको नको नको म्हणत होती, तरी ह्यांनी त्याला धरून गाडीत बसवलं.

खाण म्हणजे डोंगराच्या पोटात उतरत गेलेला प्रचंड खड्डा. तळाशी त्याचा धाकटा भाऊ ड्रिल चालवत होता, तोंडाला नुसता गमछा बांधून. काठावर उभं राहून तिच्या नवऱ्याने हाक मारली. ती जेमतेम आमच्यापर्यंत पोचली.

"तुम्ही ओरडा," तो ह्यांना म्हणाला. "सांगा, हे काम सोड म्हणावं. वर ये."

हे ओरडले. मशीन थांबलं. भावाने वर पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा मशीन सुरू केलं. धुळीत तो दिसेनासा झाला.

"त्याला ऐकू गेलं नसेल," हे म्हणाले.

"गेलं," एवढंच म्हणून तो गाडीकडे वळला.

होळीच्या आधीच तो गेला. पुढे काही महिन्यांनी ती कामावर परतली, ती हातात लाल बांगड्या घालून. मी पिठाचा डबा तिच्यापुढे ठेवला. कणीक मळता मळता तिनेच सांगितलं, "दिराशी लग्न लावून दिलं, दीदी. मुलं घरातच राहतील म्हणाले सगळे. माणूस चांगला आहे."

"खाण सोडली का त्याने?"

तिने नकारार्थी मान हलवली. "रात्री खोकायला लागलाय," ती म्हणाली आणि पोळपाट पुढे ओढला.