खडूने लिहिलेल्या पुड्या

गल्लीच्या टोकाच्या शिंप्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. तरी तिच्या घरच्या लाल भोपळ्याचं बी तो एकोणीस वर्षं लावत आला होता. चपटा, राखी सालीचा, खोल रेघांचा भोपळा. शिजवताना साखर लागायची नाही.

गेल्या साली बाजारातला एक भोपळा चवीला बरा निघाला, म्हणून त्याचंही बी त्याने ठेवलं. दोन सारख्या पुड्या केल्या आणि कानावरच्या खडूने वर नावं घातली. आता शिंप्याचा खडू झटकला की जावा म्हणूनच असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पेरणीच्या वेळी दोन्ही पुड्या निघाल्या धुतल्या तांदळासारख्या.

नेमका त्याच दिवशी बहिणीचा फोन. "माझं सगळं बी उंदरांनी खाल्लं रे. आता तुझ्याकडचं तेवढं उरलंय. पाठव."

"पाठवतो की. घाई काय आहे, ताई?"

शिंपी 'घाई काय' म्हणाला की कापडाला अजून कात्री लागलेली नाही, हे सगळी गिऱ्हाइकं ओळखून होती.

त्याने परसाच्या दोन कोपऱ्यांत एकेका पुडीचे चार-चार वेल लावले. भुंगे इकडचं तिकडे लावतात आणि पुढचं बी बिघडतं. म्हणून उमलायच्या आदल्या संध्याकाळी तो कळ्यांची तोंडं धाग्याने बांधी. सकाळी त्याच पुडीच्या वेलाचं नरफूल मादीफुलात फिरवी आणि पुन्हा बांधी.

बायको दारातून बघत होती. "माणसांचे कपडे पडलेत तिकडे. फुलांना काय बटणं लावताय?"

"आधी काजं," तो म्हणाला.

फळं धरली. पहिल्या कोपऱ्यात चार वेलांना चार तऱ्हा: लांबट, गोल, हिरवा, ठिपक्यांचा. बाजारचं संकरित बी, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. दुसऱ्यात सगळे चपटे, राखी, सख्खे भाऊ. शिंपी त्यांच्याजवळ उकिडवा बसला तो जेवायची हाक येईपर्यंत.

देठ सुकल्यावर त्याने धागा बांधलेलं फळ उतरवलं, महिनाभर घरात मुरू दिलं. मग बी धुऊन सावलीत वाळवलं, कापडी पिशवीत शिवून टाकलं, वर लाल दोऱ्याने 'ताई' असं भरलं आणि स्वतः नेऊन दिलं.

बहिणीने पिशवी उलटसुलट केली. "आधी खडूने लिहिलं होतंस ना?"

"कुणी सांगितलं?"

"तूच. घाई काय म्हणालास. माझ्या लेकीच्या फ्रॉकलाही असंच म्हणाला होतास. ती आता आजी झालीय."

तिने पिशवी पत्र्याच्या डब्यात घातली आणि झाकणावर वरवंटा ठेवला.