तलावाखालची अर्धी बांधी

आमच्या घरी गाद्या भरायचं काम. मूल गावच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर अब्बांचं दुकान होतं. लग्नसराईत हाताला उसंत नसायची, पण पावसाळ्यात कापूस सादळायचा आणि दुकान नुसतं नावाला उघडं राहायचं. त्या रिकाम्या महिन्यांसाठी अब्बांना शेत हवं होतं. आमच्या घराण्यात कुणी कधी नांगर धरलेला नव्हता. अम्मी म्हणायची, कापसातला माणूस चिखलात काय करणार? अब्बा हसायचे. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. बारावी झाल्यावर मी दुकानात रजयांना टाके घालायला बसत होते.

पोंभुर्ण्याच्या वाटेवरच्या एका गावात तलावाखाली धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, विकायला निघाली. विकणारा तलावात मासे मारणारा, चाळिशीचा माणूस. बाप नुकताच वारला होता आणि सातबाऱ्यावर याचं एकट्याचं नाव चढलं होतं. अब्बांनी घाई केली नाही. तलाठ्याकडे जाऊन कागद पाहिले. शेजारच्या बांधीवाल्याच्या ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "याले भाऊबंद हाये का कोणी? उद्या हिस्सा मांगाले येईन असा?"

"नाई भाऊ, एकटाच हाये तो," शेजारी म्हणाला.

आम्ही शेतकरी नव्हतो, म्हणून कलेक्टरची परवानगी काढली आणि मग रजिस्ट्री झाली. अम्मीच्या बांगड्या त्यात गेल्या. पहिल्या वर्षीचं धान गिरणीतून भरडून आणलं तेव्हा अब्बांनी तांदूळ ओंजळीत घेऊन आम्हा सगळ्यांच्या नाकाशी धरला होता.

तिसऱ्या वर्षी रोवणं चालू होतं, बाया गाणं म्हणत धानाची रोपं लावत होत्या. मीही बांधीवर गेले होते. दुपारी एक बाई धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत आली. हातात कापडी पिशवी, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. वैनगंगेपलीकडून, चामोर्शीकडून आली होती. अब्बा तिला कामाला आलेली मजूर समजले. पण रोवणाऱ्या बायांनी हातातले पऱ्हे खाली टाकले. एक म्हातारी तर चिखलातून धावतच गेली आणि तिच्या गळ्यात पडली. "कवा आली वो माय? बापाच्या मातीले येऊन गेली, मंग दिसलीच नाई!"

गावातली एकूण एक बाई तिला ओळखत होती.

ती अब्बांसमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "भाऊ, तुमच्यासंग माहं भांडण नाई. पण हे बांधी माह्या बापाची हाये. मी त्याची लेक हावो. मले कोणी इचारलं नाई."

"बाई, म्या चोरून नाई घेतली. तुमच्या भावानं इकली, म्या घेतली."

"त्याची त्यानं इकली असन. माही कोणं इकली?"

ती धुऱ्यावर बसली, थोड्या वेळानं उठून गेली. बाया पुन्हा वाकल्या, पण गाणं काही त्यांनी परत धरलं नाही.

अब्बा तसेच चिखलाच्या पायांनी तिच्या भावाच्या घरी गेले. दाराला कुलूप. तो उन्हाळ्यात आंध्रात मिरची तोडायला गेला तो परतलाच नव्हता, आणि कधी येईल ते कुणाला माहीत नव्हतं. मग ते शेजाऱ्याकडे गेले. "तुमी तर एकटाच हाये म्हणले होते!"

शेजारी खरोखर गोंधळला. "तुमी भाऊबंद इचारले, भाऊ. भाऊ नाईच त्याले. बहिणीचं कोण इचारते?"

हे अब्बांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा अम्मी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, तुमच्या बहिणीला तरी घराच्या वाटणीत कुणी विचारलं होतं? अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत.

बाईनं दावा लावला. तारखा पडत गेल्या. आमच्या वकिलांनी समजावलं की सरळ मनानं, पुरती चौकशी करून घेणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो. प्रश्न एवढाच की चौकशी पुरती होती का. "बहीण आहे का, असं विचारलं होतं आणि लोक नाही म्हणाले, एवढंच सांगा. बाकी मी पाहतो." घरी येऊन अब्बा ते वाक्य स्वतःशी बोलून पाहायचे. मला वाटायचं, म्हणावं त्यांनी. फसवलं तर आपल्यालाच होतं.

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. ती बाई समोरच्या बाकावर बसली होती, पदर दातात धरून. तिच्या वकिलांनी विचारलं, "गावात चौकशी केली होती?"

"केली होती."

"विकणाऱ्याला बहीण आहे का, असं कुणाला विचारलं?"

अब्बांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. "नाही साहेब. भाऊबंद विचारले. बहीण विचारायचं सुचलंच नाही."

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर ते फाईल काखेत मारून पुढे निघून गेले, आणि बसमध्ये मी अब्बांपासून दूरच्या सीटवर बसले.

निकाल लागला. भावाचा अर्धा हिस्सा अब्बांकडे राहिला. उरलेला अर्धा विकायचा त्याला अधिकारच नव्हता आणि आमची चौकशी अपुरी ठरली, त्यामुळे अब्बांचं मन कितीही साफ असलं तरी तो त्यांच्याकडे आलेलाच नव्हता. बुडालेले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करा, असं सांगितलं गेलं. मोजणी झाली. तलावाकडची बाजू बाईला गेली, खालची आम्हाला. आता आमच्या बांधीला पाणी तिच्या बांधीतून यायचं. तिनं ते कधी अडवलं नाही. पण अब्बांना दर वेळी मागावं लागायचं, आणि मागताना त्यांचा चेहरा पाहवत नसे.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या बांधीत एक माणूस चिखल करताना दिसला. तिचा भाऊ. तो परत आला होता, आणि त्याच्याकडे काहीच उरलं नसल्यानं बहिणीनंच त्याला कामाला ठेवलं होतं. दुपारी तिनं त्याला भाकरी वाढली. दोघं एकाच धुऱ्यावर बसून जेवली. तिचंही त्यानंच बुडवलं होतं; पण तो तिचा भाऊ होता. आमचा तो कुणीच नव्हता.

अब्बा त्याच्याजवळ गेले. तो हात जोडून उठला.

"पैसे कुठी गेले?" अब्बांनी विचारलं.

"गेले, भाऊ."

"म्हंजे कुठी?"

"असेच गेले. काई समजलं नाई."

वसुलीचा दावा करायचा का, असं वकील विचारत होते. अब्बांनी त्याच्या फाटक्या बनियनकडे पाहिलं होतं, त्याच्या कुडाच्या घराकडे पाहिलं होतं. ते नाही म्हणाले. पण ती माफी नव्हती. रात्री अंथरुणावर ते अम्मीला म्हणाले, "बायको आजारी होती म्हणाला असता, पोरीचं लग्न म्हणाला असता, तरी मी मानलं असतं."

अम्मी म्हणाली, "खोटं असतं तर?"

"तरी मानलं असतं," अब्बा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.