बायंडिंगला गेलेली कादंबरी

नसरापूरच्या आमच्या वाचनालयातला कारकून कुणाकडं सरळ बघत नाही. पुस्तक मागितलं की आधी दाराकडं बघतो. पण तारखेचा शिक्का मारल्याशिवाय पुस्तक हातातून सोडत नाही.

देवाची टिंगल केल्याची तक्रार आली, म्हणून समितीनं एक कादंबरी कपाटातून काढायला लावली. तेव्हापासून मी ती मागितली की हा रजिस्टरचं पान उलटत म्हणतो, "बायंडिंगला गेलीया."

असं वर्ष गेलं. ह्यानंच ती रद्दीत घातली असणार, असं मी धरून चाललो होतो. असली माणसं वरच्यांची मर्जी राखूनच नोकरी काढतात.

परवा आमच्या गावी, वरव्यात, शेजारच्या काकूंच्या उशाशी तीच कादंबरी दिसली. मागच्या चिठ्ठीवर याच वर्षातल्या तारखांचे शिक्के दाटीवाटीनं बसले होते. अर्धं गाव वाचून मोकळं झालं होतं.

शनिवारी मी त्याला विचारलं, "मग मलाच का नाही दिली?"

पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं.

"तुमी समितीच्या अध्यक्षांच्या गाडीवर बसून येता न्हवं?"

बाहेर अध्यक्ष माझ्यासाठीच हॉर्न वाजवत होते.