भिंतीवरचे तांबडे हात

शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. कुस्तीशी त्याचा काही संबंध नाही. शिरड शहापूरजवळचा आमचा आखाडा दगडी, वर माळवद, निजामाच्या काळातला. आम्ही हिंगोलीत राहायला गेलो, वडील वारले, आणि पुढे तो ‘संरक्षित स्मारक’ झाला. ज्या ओसरीवर मी उघडानागडा लोळलो तिथं आता राखणदार बसतो. मला हसू येई. आईला मात्र भारी अभिमान.

पुरातत्त्व खात्याचे साहेब लोक हरखले ते आतल्या खोलीतली भिंत पाहून. तिथं कावेनं उमटवलेले दोन तांबडे तळहात होते. घरात नवी सून आली की ती भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायची आणि तिनं त्यावर आपले हात उमटवायचे, ही आमच्या घरची रीत. म्हणजे दिसत होते ते आखाड्यात आलेल्या शेवटच्या सुनेचे, माझ्या आईचे. पाटीवर मात्र ‘प्राचीन हस्तचिन्हे’ असं ठोकून दिलेलं! मी वाचून दाखवलं तेव्हा आई पदरात तोंड घालून हसली होती.

स्मारकाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती झाडलोट करायला म्हणून गेली आणि ती भिंतच पोतारून आली. सकाळी साहेबांनी कोरी भिंत पाहून कपाळाला हात लावला. मीही खेकसलो, “काहून केलं गं असं?”

“तुझे बाबा न्हाईत आता,” ती म्हणाली. “चांगल्या कामाला विधवा बाईचे हात कशाला दिसू द्यायचे?”

तिच्या डोक्यात हे भरवणाऱ्या सगळ्या गोतावळ्याचा मला असा राग आला की विचारू नका. साहेब भला माणूस, रागावला नाही. पण नवे हात उमटवायची परवानगी नियमात नाही, एवढं म्हणाला. तेव्हापासून आखाड्याचं नाव काढलं की आई उठून आत जायची. “म्याच घर नासवलं,” एवढंच बोलायची.

यंदा सोयाबीन निघाल्यावर राखणदाराचा फोन आला, “मावशीला घेऊन या.” मी तिला जवळजवळ ओढूनच नेलं. पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली होती. पांढऱ्या मातीचे पापुद्रे सुटून खालचे तांबडे तळहात वर आले होते, एक पुरता, दुसरा अर्धा.

शेजारीच ‘हात लावू नये’ अशी पाटी. आई माझ्याकडे बघायला लागली.

“लावा मावशी, तुमचेच हायत,” राखणदार म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

आईनं हात पुढे केला, मागे घेतला. मग हळूच आपला तळवा त्या तळव्यावर टेकवला. खालचा हात पार झाकला गेला, वर तिची बोटं पेरभर बाहेर आली.

“केवढीशी व्हते रं मी,” ती म्हणाली.