एकाच हाताचा पट्टा

जिममध्ये वजनं आणली तेवढीच राहतात, किस्से मात्र रोज वाढत जातात. आमच्या वसमतच्या जिमचं तर विचारूच नका! खाली हळदीचं गोडाऊन, वर जिम. सीझनमध्ये खिडकीतून पिवळी धूळ येऊन वजनाच्या बारवर बसते आणि डेडलिफ्ट मारलेला, म्हणजे तो बार जमिनीवरून उचललेला माणूस हळद लागल्यासारखा घरी जातो. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून इथे सगळे मला सर म्हणतात. स्वभावाने मी काळजीखोर. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणारा. त्यामुळे इथल्या प्रत्येक किश्शावर बाकीचे आधी हसतात, मी आधी घाबरतो.

आमच्याकडे वाद एकच. जड वजन उचलताना पाठ आणि पाय तयार असतात, पण मूठ सुटते. मग मनगटात कापडी पट्टे अडकवून ते बारला गुंडाळायचे, की मूठच कमवायची? जिमचे मालक आणि कोच बाळूदादा मुठीच्या बाजूचे. मेडिकलवाला सचिन पट्ट्यांच्या बाजूचा. मला दोन्हीची भीती वाटायची.

*

एकदा बाळूदादांनी चिडून भिंतीवर पाटी लावली. ‘पट्टा वापरण्यास सक्त मनाई.’

लगेच एक नवीन मेंबर आले. सरकारी ऑफिसातले क्लार्क, नियमाला एकदम पक्के. त्यांनी पाटी नीट वाचली, कोपऱ्यात गेले आणि कमरेचा पट्टा काढून खुंटीला टांगून आले! कुणाच्या लक्षात आलं नाही. बार उचलून ते अर्धे उभे राहिले आणि तिथेच थांबले. चेहरा लाल, डोळे बाहेर.

बाळूदादा ओरडले, “उचला साहेब, उचला! थांबून काहून राहिले?”

“उचलतो हो,” क्लार्कसाहेब कळवळून म्हणाले, “पण आधी ठरवा, बार उचलू का पँट?”

पाटी त्याच दिवशी उतरली.

*

सचिनचे पट्टे ऑनलाइन मागवलेले. काळे, जाड, शिवण एकदम दणकट. एकदा त्याने दोन्ही हात बारला गुंडाळून वजन उचललं आणि नेमका बाकावरचा त्याचा फोन वाजला. बायकोचा.

“सर, उचला ना, चिडते ती,” सचिन दात आवळून म्हणाला.

मी फोन घेतला. घाबरलेला माणूस विचार न करता बोलतो. मी म्हणालो, “वहिनी, सचिनला आत्ता बोलता येणार नाही. हात बांधलेत त्याचे.”

“अगं बाई! कुणी बांधले?”

“त्यानेच.”

फोन कट! थोड्या वेळात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. पुढे वहिनी, मागे त्यांचा भाऊ, भावाच्या हातात क्रिकेटची बॅट. सचिन तोवर मोकळा होऊन पाणी पीत होता. माझी पाचावर धारण बसली, कारण फोनवरचा आवाज माझा होता.

बाळूदादांनी मात्र डाव साधला. “वहिनी, बरं झालं आल्या तुमी. पट्टे लावू नको, पट्टे लावू नको म्हणून मी बोंबलून राहिलो, ह्यो ऐकत न्हाई. आता घरी नेऊन तुमीच काय बांधायचं ते बांधा!”

*

आता मला पट्ट्याची भीती का, ते सांगतो. माझं गाव आखाडा बाळापूरच्या बाजूला, घरी शेती, दावणीला बैल. चालायला लागल्यापासून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच गोष्ट कानात भरलेली. “कासरा हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा न्हाई!” कासरा म्हणजे बैलाचा दोर. गुंडाळला आणि बैल उधळला, तर दोर सुटत नाही आणि बैलामागे माणूस जातो. आमच्या भावकीतला एक काका असाच ओढ्यापर्यंत फरफटत गेला होता. त्याची दोन बोटं तिथेच राहिली. लहानपणी तो मला पेढा द्यायला हात पुढे करायचा आणि मी पेढा न घेता पळायचो.

सचिनच्या आग्रहाने मी पहिल्यांदा पट्टा बारला गुंडाळला आणि मला तो काकाच दिसला. घाम फुटला. हात सुटेचना, मी ओरडायला लागलो.

बाळूदादा धावत आले. पट्ट्यांचा शत्रू असलेला हा माणूस मला शांतपणे म्हणाला, “सर, मनगट उलटं फिरवा, सुटतंय. आन घाबरता कशाला? हे लोखंड हाय. लोखंड उधळत न्हाई!”

*

मग मी मुठीकडे वळलो. बाळूदादांचा सल्ला फुकट आणि घरगुती. “ओल्या चादरी पिळा सर. मनगट असं होतं, की माणूस सोडा म्हणला तरी सुटत न्हाई!”

घरी मी रोज चादरी पिळायला लागलो. बायको आधी खूश झाली, मग तिला संशय आला. “काय केलंय तुम्ही? खरं सांगा, मी रागावत नाही.” मी मूठ कमावतोय म्हणालो, तर तिला ते आणखी वाईट वाटलं. काही लपवायचं असल्याशिवाय नवरा चादर पिळतो, हे तिला पटेना.

पण बातमी गल्लीत पसरली. एका सकाळी शेजारच्या काकू बादली घेऊन दारात उभ्या. “सर, तुमची मूठ कमवणं चालूच हाय, तर आमच्या दोन गोधड्या बी बघता का?”

*

शेवटी गोधड्यांना कंटाळून मी सचिनसारखेच काळे पट्टे घेतले. त्याच सुमारास आबा डोळे तपासायला वसमतला आले. चार दिवस राहिले. माझी पिशवी उघडी होती, त्यांनी पट्टे बाहेर काढले.

“हे काय रं?”

मी समजावलं. पाठीत ताकद असते, मूठ सुटते, म्हणून हे गुंडाळायचं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण आबा पट्टा उलटसुलट करून बघत राहिले.

“मूठ न्हाई तरी जड धरता येतं?”

“व्हय.”

“आन सोडायचं कसं?”

मी दाखवलं. मनगट असं उलटं फिरवायचं. त्यांनी उजव्या हाताने करून बघितलं. मग परत. मग चहा आला, तेवढ्यापुरते थांबले आणि पुन्हा म्हणाले, “सोडायचं तेवढं नीट दाव.” मला बरं वाटलं. म्हातारा माणूस पोराच्या नव्या खुळात रस घेतोय! चहा त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरून प्यायला. पंखा जोरात होता, मी कमी केला. त्यांच्या डोळ्यांची काळजी मी रात्रंदिवस केली. डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत म्हटल्यावर निर्धास्त झालो आणि त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

*

पुढच्याच आठवड्यात जिममध्ये पिशवी उघडली, तर एकच पट्टा!

मी सगळं जिम पालथं घातलं. बाळूदादांनी कमरेवर हात ठेवून तपास सुरू केला. “चोर असता तर दोन्ही नेले असते. एका पट्ट्याचं कुणी काय करणार?”

सचिन गंभीर झाला. “सर, माणसाची वापरातली एकच वस्तू कशाला नेतात म्हाइतंय ना?”

“कशाला?”

“मूठ मारायला.”

झालं! मूठ मारणं म्हणजे करणी, हे कळायला मला गणित लागत नव्हतं. मूठ कमवायला गेलो आणि मूठच मागे लागली. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण माझी झोप उडाली. बायकोने उशाखाली लिंबू ठेवलं, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

बाळूदादा रोज माझी मूठ धरून बघायचे आणि म्हणायचे, “अजून हाय बरं का सर!”

*

पोळ्याला गावी गेलो. वेशीत तोरण बांधलेलं, हलगी वाजत होती, शिंगांना रंग आणि पाठीवर झुली घालून बैल रांगेत उभे. मी जरा उशिरा पोचलो. आमचा तांब्या नावाचा बैल अंगाने मोठा आणि आवाजाला बुजणारा, त्याला दरवर्षी आबाच धरतात. दुसरा चुलतभावाकडे होता.

बैलांच्या मंगलाष्टका संपत आल्या आणि कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली. तांब्याने मान झटकली. कासरा ताणला गेला आणि आबांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही वर सरकली. मनगटात काळा पट्टा होता. दणकट शिवणीचा. पट्टा कासऱ्याला गुंडाळलेला, आणि तांब्या चालू पडला होता.

आबा ओढले गेले. एक पाय घसरला, टोपी पडली. मी कसा पोचलो ते आठवत नाही. आबांच्या हाताच्या पुढे मी कासरा धरला आणि टाचा रोवल्या. हातात ना पट्टा ना काही. दोर तळव्यातून कातडं घेऊन सरकला, आणि मग थांबला. मी ओरडलो, “आबा, मनगट फिरवा! उलटं!”

त्यांनी फिरवलं. पट्टा कासऱ्यावरून सुटला. चुलतभावाने धावत येऊन तांब्याची वेसण धरली. हलगी वाजतच होती. लोकांना वाटलं, पोरगं हौसेने बैल धरायला आलं.

डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. जन्मभर तुम्ही मला काय सांगत आलात, असं सगळं बोलायचं होतं, पण मी आधी त्यांचं मनगट चाचपून बघितलं. आबांनी टोपी उचलून झटकली. मनगटातला पट्टा काढला, त्याचीही धूळ झटकली आणि नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. मग इकडेतिकडे बघून माझ्याजवळ सरकले.

“ह्याचा जोडीचा कुठंय?”

“वसमतला. घरी.”

“येताना आण,” ते हळूच म्हणाले. “आता डाव्याची मूठ बी सुटून राहिली.”