मॅसिडोनियावाले मामा

अलेक्झांडरच्या मातृभाषेची रोज काळजी करणारे अख्ख्या सिंगापुरात एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे मामेसासरे आहेत. लग्नानंतर क्लेमेंटीला त्यांच्या फ्लॅटवर पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा नोकरीबिकरीची चौकशी न करता मामांनी थेट विचारलं, "जावईबापू, जुने मॅसिडोनियन ग्रीक बोलत की त्यांची भाषा वेगळी?" मी अंदाजानेच "वेगळी" म्हणालो. मामींनी कपाळाला हात लावला, मामांनी आणखी श्रीखंड वाढलं. त्या भाषेचे मूठभरच शब्द उरलेत, तेही दुसऱ्यांनी टिपलेले. मामांनी ते फ्रीजवर चिकटवल्यामुळे मामींच्या वाणसामानाच्या यादीला जागा नसे. एकदा हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत शेजारच्या टेबलावरच्या चिनी अंकलनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो, ग्रीक ऑर नॉट?" मामा म्हणाले, "नॉट." आणि त्यांना कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली.

पोटापाण्यासाठी मामा वन-नॉर्थच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर तपासतात. एक जरी टेस्ट फेल गेली, तरी साहेब कितीही डोळे वटारोत, मामा 'पास' म्हणत नाहीत. त्या भाषेच्या बारा वर्षांच्या अभ्यासानंतर मित्रांनी बुओना व्हिस्टाच्या एका काँडो-सोसायटीत त्यांचं पहिलं भाषण ठेवलं. मामा नवा कुडता घालून उभे राहिले आणि एका शिशाच्या पत्र्याबद्दल बोलू लागले. तो जुन्या मॅसिडोनियाच्या राजधानीत, एका थडग्यात सापडला. आपल्या माणसाने दुसरीशी लग्न करू नये म्हणून एका बाईने त्यावर देवतांना साकडं घातलंय, तेही ग्रीकच्या एका बोलीत. ती बाई परगावची असणार, असं म्हणून मामांनी तो पुरावा कायम उडवून लावला होता.

"महिनाभर पुन्हा तपासलं," मामा म्हणाले. "ती परगावची असल्याचा माझ्याकडे काहीच पुरावा नाही. मला ती तशी हवी होती, एवढंच. वाद मिटलेला नाही, पण माझी बाजू फेल आहे." आणि ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की सांत्वन करावं, कुणाला कळेना. मी हात दुखेपर्यंत वाजवल्या.

मग आम्ही एमआरटी स्टेशनकडे चालू लागलो. वाईट वाटतंय का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं तिची बोली तपासत बसलो. ती काय मागतेय, इकडे लक्षच दिलं नाही. त्याने शेवटी लग्न कुणाशी केलं असेल हो?"

ते कुणालाच माहीत नाही, आणि मामांना आता तेवढंच जाणून घ्यायचं होतं.